घुमट विकत घेताना

आमच्या पिढीच्या माणसाने ‘पेडल’ हा शब्द ऐकला की त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम सायकल उभी राहते, त्यानंतर फार तर शिवणयंत्र. ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी संगीत नाटके रात्र रात्र जागून पाहिली, त्यांच्या कानांवर पायपेटीचे वर्णनही पडलेले असते. पेटीवाला पायांनी भाता हलवी आणि त्याचे दोन्ही हात सुरांसाठी मोकळे राहत. तेव्हा पायांचा आणि सुरांचा संबंध आपल्या मंडळींना अगदीच नवा आहे, असे म्हणता येणार नाही. तथापि इलेक्ट्रिक गिटार वाजविणाऱ्यांचे पेडल या तिन्हींहून निराळे. ते गोल फिरत नाही, त्याने वारा भरला जात नाही. पंजात मावेल एवढी एक धातूची डबी, तिच्या माथ्यावर तीनचार नॉब आणि पुढच्या अंगाला पायाने दाबावयाचे एक बटण, एवढाच तिचा संसार. गिटारकडून आलेली वायर एका कुशीतून आत शिरते, दुसऱ्या कुशीतून बाहेर पडून अँप्लिफायरकडे जाते, आणि या दोन कुशींच्या मध्ये सुराचे जे काही व्हावयाचे ते होते. एक डबी सुराचा घसा बसवते, दुसरी त्याला थरथरावयास लावते, तिसरी त्याने म्हटलेले त्याच्यापुढेच पुन्हा म्हणून दाखवते. मी जिच्याविषयी लिहिणार आहे ती मात्र सुराला राहावयास घर देते. तिला रिव्हर्ब म्हणतात.

मराठीत यासाठी शब्दांची वाण नाही. घुमणे, घुमारा, निनाद हे बोलण्यातले शब्द. शास्त्रातला शब्द अनुरणन. हा शब्द मला प्रथम भेटला तो पदार्थविज्ञानात नव्हे, तर एम.ए.च्या वर्गात, काव्यशास्त्राच्या तासाला. नवव्या शतकात काश्मीरात होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त काव्यातील सूचित अर्थासाठी अनुरणनाचा दृष्टान्त घेतला आहे. घंटेवर टोल पडतो, तो जणू वाच्यार्थ. टोल संपल्यावर मागे जो नाद रेंगाळतो, तो व्यंग्यार्थ. परीक्षेसाठी हे सारे पाठ केले, पुढे विद्यार्थ्यांनाही प्रसंगाने सांगितले. त्या दृष्टान्ताची आणि माझी पुन्हा गाठ पडली ती बंगळुरूतील एका वाद्यांच्या दुकानात.

निमित्त आमच्या चिरंजीवांचे. त्यांची गिटार बेळगावात, आमच्या घराच्या माडीवर वाढली. कँपातील एका गोवेकर मास्तरांपाशी चार वर्षे शिकवणी झाली आणि मग एक जुना, वजनदार अँप्लिफायर माडीवर येऊन बसला. माडीची जमीन फळ्यांची, वर कौले, आणि एका भिंतीला आमच्या आईच्या काळापासूनची मांडणी. तिच्यावर पितळेची ताटे, डबे, तांब्याचे दोन हंडे. गिटारवर एक ठरावीक सूर लागला की एक ठरावीक डबा बोलू लागे. “तुझा तो सूर माझ्या डाळीच्या डब्याला लागतो रे,” असे त्याची आई खालून ओरडे. विज्ञानाच्या पुस्तकात याला अनुनाद म्हणतात. सतारीच्या तरफेच्या तारा छेडल्यावाचून वाजतात त्याही याच न्यायाने.

आता मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो. दहा बाय दहाची खोली, तीत दोघांच्या दोन खाटा, गाद्या, दोरीवर वाळणारे कपडे आणि पलीकडच्या खाटेवर रात्रपाळीवरून येऊन झोपलेला सोबती. अँप्लिफायर लावण्याची सोय नाही. वाजवावयाचे ते कानांवर हेडफोन चढवून. हळूहळू त्याचे वाजवणे कमी झाले. फोनवर विचारले की “वेळ होत नाही, बाबा” असे उत्तर येई. मग एकदा, गिटार विकून टाकावी म्हणतो, असेही तो बोलून गेला. एप्रिलच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो तेव्हा गिटार खोळीत घालून कपाटावर ठेवलेली होती. मी खोदून विचारले तेव्हा तो म्हणाला, “बाबा, इथे सूर लागतो आणि लागतो तिथेच मरतो. म्हणून मी भरभर वाजवतो. थांबलो की नुसती शांतता. मग वाजवावेसेच वाटत नाही.”

ही तक्रार मला वरवरची वाटली नाही. त्याला कारणही तसेच आहे. इलेक्ट्रिक गिटारचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. तिच्या पोटात हवा नाही, म्हणून तिला स्वतःचा असा आवाज जवळजवळ नाहीच. तारांखाली लोहचुंबकाभोवती गुंडाळलेले तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते, त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली की त्या चुंबकीय क्षेत्रात चलबिचल होते आणि वेटोळ्यात वीज उमटते. पिकअपला तारेचे हलणे कळते, भोवतालची हवा कळत नाही. म्हणजे तुम्ही देवळाच्या सभामंडपात बसून वाजवा की गोदामात बसून वाजवा, पिकअपच्या लेखी सारे सारखेच. त्याला खोली ऐकूच येत नाही. मिरजेच्या कारागिराने केलेला तानपुरा घ्या. त्याचा भोपळा, त्याची जवारी, त्याच्या चार तारांचे एकमेकींत मिसळणे यांमुळे त्याचा नाद घरातूनच निघताना गोतावळा बरोबर घेऊन निघतो. इलेक्ट्रिक गिटारचा सूर एकटाच निघतो. अँप्लिफायरमधून तो खोलीत आला तर खोली त्याला सांभाळून घेते. हेडफोनमध्ये तेही नाही. वायरीतून थेट कानात, कोणाची भेट नाही की कोणाचा निरोप नाही.

खोली सुराला सांभाळते म्हणजे नेमके काय करते? आपण टाळी वाजविली की तिचा आवाज प्रथम सरळ कानांवर येतो. पाठोपाठ जवळच्या भिंतीवरून, छपरावरून, जमिनीवरून आदळून आलेले चारदोन आवाज येतात. त्यानंतर आदळलेले पुन्हा आदळतात, त्यांची संख्या क्षणाक्षणाला वाढते आणि बळ क्षणाक्षणाला घटते, असे करता करता त्यांचा एक अखंड धूसर पडदा होतो आणि तो विरून जातो. या पडद्याला अनुरणन म्हणावयाचे. प्रतिध्वनी निराळा. प्रतिध्वनी सुटा ऐकू यावयाचा तर मूळ आवाजात आणि परतलेल्या आवाजात सुमारे एकदशांश सेकंदाचे अंतर लागते. म्हणजे भिंत निदान १७ मीटर दूर हवी, हे शाळेच्या पुस्तकात आहेच. त्याहून जवळच्या भिंतीवरून आलेला आवाज मूळ आवाजात मिसळून जातो.

आम्हां सीमाभागातील शिक्षकांना हा भेद समजावून देण्यास विजापूरचा गोलघुमट पुरतो. महंमद आदिलशहाची ही कबर १६५६ साली पुरी झाली. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. घुमटाच्या पायथ्याशी फिरत्या सज्जात उभे राहून टाळी वाजविली की समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यावयास आवाजाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो, म्हणून टाळ्या सुट्या सुट्या मोजता येतात. भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले तर समोरच्या बाजूच्या माणसाला ते ऐकू जाते, हा तिथला आणखी एक चमत्कार. शाळेची सहल घेऊन गेलेल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे की सज्जात हजेरी घेता येत नाही, कारण एका ‘हजर’चे दहा होतात आणि गैरहजर मुलेही हजर असल्याचा भास होतो! पेडलांच्या जगात या सुट्या टाळ्यांची डबी वेगळी. तिला डिले म्हणतात. अखंड धूसर पडद्याची डबी ती रिव्हर्ब. दुकानात जाण्यापूर्वी हा फरक मनाशी पक्का असावा. नवशिकी मुले घुमारा हवा म्हणून जातात आणि पडसाद घेऊन येतात.

घुमारा मोजता येतो ही गोष्ट तशी अलीकडची, आणि तिचा उगम एका वर्गखोलीत आहे याचे मला शिक्षक म्हणून विशेष वाटते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह बांधून झाले आणि असे दिसून आले की तेथे प्राध्यापकाचे बोलणे कोणाला कळतच नाही. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद तेथेच घोटाळत राही; तेवढ्यात पुढचे दहाबारा शब्द येऊन त्याच्यावर कोसळत. वॉलेस सॅबाइन या पदार्थविज्ञानाच्या तरुण अध्यापकावर यातून मार्ग काढण्याचे काम आले. त्याने काय करावे? रात्री गावात सामसूम झाली की शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणावयाच्या, त्या व्याख्यानगृहात मांडावयाच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करावयाची, आणि नाद किती वेळ ऐकू येतो ते मोजावयाचे. पहाटेपूर्वी गाद्या परत. अशा कित्येक रात्रींनंतर त्याला सूत्र सापडले: खोलीचे आकारमान जितके मोठे तितका घुमारा लांब, आणि खोलीत आवाज शोषून घेणारे जितके अधिक तितका तो आखूड. त्याच सूत्राच्या आधाराने बॉस्टनचे सिंफनी हॉल बांधले गेले. ते १९०० साली उघडले आणि आजही ते जगातील उत्तम संगीतगृहांत गणले जाते. श्रोत्यांनी भरलेले असताना तेथील घुमारा जवळजवळ दोन सेकंदांचा असतो. वर्गाला मात्र दोन सेकंद परवडत नाहीत. पत्र्याच्या छपराखालच्या प्रार्थनागृहात ज्याने ध्वनिवर्धकावरून चारशे मुलांना सूचना दिल्या आहेत त्याला हे सॅबाइनने सांगावयास नको. अर्धापाऊण सेकंदाच्या वर घुमारा गेला की व्यंजने बुडतात, नुसते स्वर तरंगत राहतात.

घुमारा विकत घेण्याची गरज प्रथम कोणाला पडली, हे पाहू गेल्यास आमच्या चिरंजीवांना पूर्वज सापडतात. लॉरेन्स हॅमंड याने १९३५ साली विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आणला. चर्चमध्ये ऑर्गन ऐकलेल्या माणसांनी तो घरी नेला, गालिचे-पडदे असलेल्या बैठकीच्या खोलीत ठेवला आणि त्यांना तो कोरडा लागला. दोष ऑर्गनमध्ये नव्हता. चर्चचा घुमट घरात आणता आला नव्हता एवढेच. तेव्हा हॅमंडने टेलिफोनवाल्यांची एक युक्ती उचलली. दूर पल्ल्याच्या लाइनीवर आवाजाला जो विलंब लागतो त्याची प्रयोगशाळेत नक्कल करण्यासाठी बेल कंपनीच्या संशोधकांनी लांब स्प्रिंगा वापरल्या होत्या. विजेने स्प्रिंगेचे एक टोक हलवावयाचे. ते हलणे दुसऱ्या टोकाला उशिरा पोहोचते, तेथून उलट फिरते, पुन्हा येते. दुसऱ्या टोकाशी ते टिपून मूळ सुरात मिसळले की खोलीचा आभास होतो. हीच स्प्रिंग पुढे गिटारकडे आली. फेंडर कंपनीने १९६१ साली तिची स्वतंत्र पेटी काढली आणि १९६३ पासून अँप्लिफायरच्या पोटातच तिला जागा दिली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील मुलांनी लाटांवर स्वार होण्याच्या आपल्या छंदाचे जे संगीत केले, त्याचा ओलसर ठिबकता आवाज या स्प्रिंगेचा. अशा अँप्लिफायरला चुकून लाथ लागली तर आतल्या स्प्रिंगा एकमेकींवर आदळून आकाश कोसळल्यासारखा गडगडाट होतो.

दुसऱ्यांनी दुसऱ्या वाटा काढल्या. १९४७ साली शिकागोत बिल पटनम या ध्वनिमुद्रकाने हार्मोनिका वाजविणाऱ्या एका त्रयीच्या ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओचे चक्क स्नानगृह वापरले. आत ध्वनिक्षेपक लावला, तेथला घुमारा मायक्रोफोनने टिपला आणि मूळ वादनात मिसळला. न्हाणीघरात गाणारी माणसे आपल्याकडे घरोघर आहेत, पण त्या घुमाऱ्याचे व्यवसायात रूपांतर करणे त्याला सुचले! १९५७ साली जर्मनीत ईएमटी कंपनीने दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असा पोलादाचा पत्रा चौकटीत ताणून बसविला. तो थरथरविला की त्यातून अतिशय मऊ, दाट घुमारा निघे. त्या यंत्राचे वजन अडीचशे किलोंहून अधिक. १९६०च्या सुमारास मॅनफ्रेड श्रोडर याने हाच घुमारा गणकयंत्राला आकडेमोडीने करता येईल असे दाखविले, १९७६ साली तसे यंत्र बाजारात आले, आणि १९८७ साली जपानच्या बॉस कंपनीने ते सारे एका पेडलच्या डबीत बसविले. आज कोणत्याही रिव्हर्बच्या डबीवर ‘स्प्रिंग’, ‘प्लेट’, ‘रूम’, ‘हॉल’ अशी नावे दिसतात, ती या पूर्वजांची. आत ना स्प्रिंग असते ना पत्रा. असते ते एक इवलेसे गणित.

आता दुकान. चिरंजीवांनी मला बरोबर नेले ते पैशांसाठी नव्हे. पैसे त्याचे होते. म्हणाला, “बाबा, महिनाभर इंटरनेटवर ऐकून ऐकून माझे कान बधिर झालेत. तुम्ही फक्त डोळे मिटून बसा आणि आपण कुठे बसलोय ते सांगा.” असे सोपे काम मला कोणी आजवर दिले नव्हते. त्याने स्वतःची गिटार आणि स्वतःचे हेडफोन नेले होते, हे मला आवडले. दुकानातील उंची गिटार आणि मोठा अँप्लिफायर यांवर कोणतीही डबी गोड लागते. खोलीवर नेल्यावर ती आपल्या गिटारशी आणि आपल्या कानांशी कशी वागेल, हे त्यावरून कळत नाही.

विक्रेत्याने प्रत्येक डबीचा घुमारा अगोदरच शिगेला नेऊन ठेवला होता. मिठाईच्या दुकानात नमुन्याचा तुकडा नेहमीच अधिक गोड असतो. मुलाने सारे नॉब शून्यावर आणून सुरुवात केली आणि एकेक सूर वाजवून तो विरेपर्यंत थांबत गेला. मी डोळे मिटून सांगत गेलो. “हे आपले मंगल कार्यालय, जेवणावळ सुरू होण्यापूर्वीचे.” “ही विहीर.” “हा बसस्टँड.” एका डबीला मी नुसते “डबा” म्हटले, तिचा घुमारा पत्र्याच्या पिंपात खडा टाकावा तसा किणकिणत होता. तो टोनचा दोष. खऱ्या खोलीत पडदे, कपडे, माणसे आणि स्वतः हवासुद्धा वरच्या पट्टीतील आवाज आधी गिळतात, म्हणून खरा घुमारा विरत जाताना काळवंडत जातो. ज्या डबीचा घुमारा शेवटपर्यंत लखलखीत राहतो ती कानाला लवकर शिणवते. टोनचा नॉब असेल तर तो थोडा मागे फिरवावा. नसेल तर ती डबी माझ्या मते घेऊच नये.

एका भल्या मोठ्या पेडलमध्ये अकरा प्रकार होते आणि त्यांत शिमर नावाचा एक. मूळ घुमाऱ्यात वरच्या सप्तकाचा सूर मिसळून तो चढवीत नेतो, म्हणजे एकच तार छेडली तरी मागे देवदूतांचा तांडा आळवू लागतो. ब्रायन इनो आणि डॅनियल लॅन्वा यांनी गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात हा परिणाम लोकप्रिय केला. पाच मिनिटे मी थक्क होऊन ऐकले. सहाव्या मिनिटाला मुलाने साधी चार सुरांची ओळ वाजविली आणि ती ओळ कुठे गेली ते मला कळेना. गुलाबपाण्याचा वास श्रीखंडात ठीक. आमटीत घालू नये. त्या पेडलची किंमत त्याच्या खोलीच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढी होती. हे त्याला मी सांगितले नाही, त्याने ती चिठ्ठी आधीच उलटून पाहिली होती.

सर्वांत वेळ घेतला तो ‘प्री-डिले’ नावाच्या नॉबने. मूळ सूर आणि घुमाऱ्याचा आरंभ यांत किती अवकाश ठेवावयाचा हे तो ठरवितो. अवकाश म्हणजे सेकंदाचे काही सहस्रांश. तो शून्यावर असला की नखी तारेवर पडते न पडते तोच घुमारा तिला झाकून टाकतो. मुलाने तो वीसतीस सहस्रांशांवर नेला आणि एकाएकी सूर आणि घुमारा यांची ओळख वेगवेगळी झाली. आघात स्वच्छ, मग किंचित फट, आणि मग सभागृह उघडावे तसा पडदा. येथे मला आनंदवर्धन आठवला. वाच्यार्थ आधी कळतो आणि व्यंग्यार्थ त्यामागून येतो हा क्रम जेथे जाणवतो, त्याला त्याने संलक्ष्यक्रम म्हटले, आणि अनुरणनाचा दृष्टान्त दिला तो याच प्रकाराला. क्रम असूनही जाणवत नाही, तो असंलक्ष्यक्रम; रसाचे स्थान तेथे. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या या भेदाला एक नॉब लावून कोणीतरी बंगळुरूच्या दुकानात ठेवला होता! मी हे मुलाला सांगितले. तो म्हणाला, “म्हणजे किती ठेवू?” अलंकारशास्त्राला असे प्रश्न विचारले जात नाहीत.

येथे एक आक्षेप मीच काढला. हे सारे गणितच असेल तर ते त्याच्या लॅपटॉपवर फुकटात होणार नाही का? होते, असे तो म्हणाला; उलट त्याहून अधिक होते. एखाद्या खऱ्या वास्तूत फुगा फोडून तिचा प्रतिसाद टिपून घेतला तर त्यावरून तिचा घुमारा कोणत्याही सुराला चढविता येतो. म्हणजे उद्या कोणी रीतसर परवानगी काढून गोलघुमटात फुगा फोडला तर माझा मुलगा दहा बाय दहाच्या खोलीत बसून गोलघुमटात वाजवील. मग डबी कशाला? त्याचे उत्तर एका वाक्याचे होते: “दिवसाचे दहा तास मी पडद्यासमोर असतो, बाबा, रात्री पुन्हा पडदा उघडून बसणार नाही.” यापुढे मी वाद घातला नाही.

उरल्या त्या दोन डब्या. एकीत प्रकार सात, दुसरीत चारच. पण दुसरीतून आवाज दोन वाटांनी बाहेर पडत होता, डाव्या कानासाठी एक आणि उजव्या कानासाठी एक. अँप्लिफायर एकच असेल तर या दुसऱ्या वाटेचा काही उपयोग नाही. हेडफोनवर मात्र तिच्यावाचून घुमारा डोक्याच्या मध्यभागी गोळा होऊन बसतो. दोन्ही कानांना किंचित वेगवेगळे ऐकू आले तरच भिंती दूर सरतात. गिटारच्या अँप्लिफायरची नक्कल करणारी एक लहान पेटी आणि दोन वाहिन्यांचा छोटा मिक्सर त्याच्यापाशी होताच, तेव्हा ही सोय त्याला तत्काळ वापरता येण्यासारखी होती. शिवाय या डबीत आणखी एक सौजन्य होते. पायाने ती बंद केली तरी मागचा घुमारा कापला जात नव्हता. तो आपल्या गतीने विरत होता आणि नवे सूर कोरडे निघत होते. दुसऱ्या डबीत बटण दाबताच सभागृह नाहीसे होई. बोलणाऱ्याच्या तोंडावर दार आपटावे तसे ते मला लागले. चार प्रकारांची डबी घेतली. तिची किंमत एका महिन्याच्या भाड्याच्या आत होती.

“माडी सापडली का?” असे मी जिना उतरताना विचारले. “जवळ जवळ,” तो म्हणाला. “रूमवर ठेवून डिके कमी केला की फळ्यांचा भाग येतो. आईचा डबा नाही येत.”

खोलीवर आल्यावर त्याने ती जोडली. प्रथम आवाजाचा घसा बसविणारी डबी, मग अँप्लिफायरच्या नकलेची पेटी, आणि रिव्हर्ब सर्वांत शेवटी. क्रम उलटला तर घसा सुराचा न बसता सभागृहाचाच बसतो आणि नुसता चिखल होतो. वीज पुरविणाऱ्या अडॅप्टरवरील व्होल्ट, अधिक-उण्याची खूण आणि मिलिअँपियर त्याने दोनदा वाचून पाहिले, कारण आकडेमोड करणाऱ्या डब्यांना वीज अधिक लागते. सोबती रात्रपाळीला गेला होता, त्याच्या खाटेवर मी आडवा झालो.

बाहेरून ऐकणाऱ्याला इलेक्ट्रिक गिटार म्हणजे अडकित्त्याने सुपारी कातरावी तसा टकटक आवाज. घुमट असेल तो त्याच्या कानांत. माझ्यापर्यंत त्यातले काही येत नव्हते. दिवा मालवलेला, त्या डबीवरचा एक लाल ठिपका तेवढा दिसत होता. त्याने चार सूर वाजविले आणि तो थांबला. मी मनात मोजू लागलो. सव्वा सेकंद, कदाचित दीड. मग पुढचे चार सूर, आणि पुन्हा तेवढीच थांबण्याची जागा. मध्ये एकदा त्याने वाकून नॉब फिरविला; त्यानंतरची जागा तीन सेकंदांची झाली, मग पुन्हा दोनवर आली. असे तो किती वेळ वाजवीत होता कोण जाणे. मला झोप लागली तेव्हा जागा दोन सेकंदांची होती.